रोझचा हट्ट आणि मोबदल्याचा प्रश्न
तातियाना द रोने यांच्या 'द हाउस आय लव्ह्ड' या कादंबरीत पॅरिसच्या नव्या रस्त्यासाठी विधवा रोझचं घर पाडायचं ठरतं, पण ती ते सोडत नाही आणि दिवंगत नवऱ्याला पत्रं लिहीत राहते. 'मोबदला देऊ केलेला असताना रोझने घर न सोडणं हा नुसता हट्ट वाटतो,' असं एका वाचकाचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही. नवऱ्याच्या आठवणी ज्या जिन्यात, ज्या खोल्यांत आहेत, त्यांची किंमत कुठल्या कागदावर लिहिणार? तिला निदान मालक म्हणून नोटीस तरी आली. एकोणिसाव्या शतकात जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणाऱ्या ओस्मान या प्रशासकाच्या काळातल्या पॅरिसमध्ये १८४१च्या कायद्यानुसार भरपाई ठरवायला जमीनमालकांचीच ज्युरी बसायची, त्यामुळे मालकांच्या हाती बऱ्याचदा घसघशीत रक्कम पडे. भाडेपट्टा असलेल्या दुकानदारांनाही काही मिळायचं. पण वरच्या मजल्यांवर पट्ट्याशिवाय राहणारे कामकरी भाडेकरू? त्यांनी बोचकं उचलायचं आणि शहराच्या कडेला जायचं. कादंबरी त्यांच्याकडे जेमतेम वळून बघते, माझी खरी तक्रार ही आहे.

आणखी एक नाव सांगायला हवं: छायाचित्रकार शार्ल मारव्हिल. १८६०च्या दशकात पालिकेनेच त्याला पाडल्या जाणाऱ्या गल्ल्यांचे फोटो काढायला नेमलं. त्याने असे चारशेहून जास्त काढले. ओला फरसबंद रस्ता, मधोमध वाहणारं गटार, भिंतींवर रंगवलेल्या दुकानांच्या जाहिराती, सगळं लख्ख दिसतं. पाडणाऱ्यांनीच ही नोंद करून ठेवली, याचा मला अजून राग येतो आणि त्याबद्दल कृतज्ञही वाटतं. पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयाच्या संग्रहातले बरेच फोटो ऑनलाइन आहेत. ते बघून रोझची पत्रं पुन्हा वाचा.