मारिओ: फक्त आठवणींचा खेळ नव्हे
'लहानपणच्या आठवणी सोडल्या तर मारिओ या व्हिडिओ गेममध्ये काही उरत नाही' हे मत मला पटत नाही. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी तपकीर गल्लीतून आणलेली या गेमची कॅसेट होती, त्यामुळे आठवणी मलाही आहेत. पण गेल्या मे महिन्यात नऊ वर्षांच्या भाचीला 'सुपर मारिओ ब्रदर्स' दिला. तिला कसल्या आठवणी? तरी ती दोन तास हलली नाही.

पहिली लेव्हलच बघा. सूचनेचं एक अक्षर नाही. समोरून गुंबा नावाचा छोटा शत्रू चालत येतो, त्याला धडकलात की मेलात, म्हणजे उडी मारायची. ठोकळ्यातून निघालेलं मशरूम पुढे जातं, पाइपला आपटून परत आपल्याकडेच येतं. घाबरून उडी मारावी तर डोक्यावर ठोकळे! ते अंगावर येतं, मारिओ मोठा होतो आणि कळतं, हे चांगलं असतं. गेमचे डिझायनर मियामोतो आणि तेझुका यांनी १९८५ साली हे सगळं अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलं. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा.

आणि ती उडी! बटण जास्त वेळ दाबलं की उंच, हवेतही दिशा थोडी वळवता येते. भाची चुकली की स्वतःच म्हणायची, "मामा, मी लवकर सोडलं."