थंडरबर्ड: एका पार्टीच्या मेलवर क्लिक केलं की दुसऱ्याच पार्टीचं पत्र उघडतंय

वहीखाते | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मी सांगलीत जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. ऑफिसात एक डेस्कटॉप, घरी एक लॅपटॉप आणि हातात फोन. मेल आमच्या स्वतःच्या डोमेनवरचं, आयमॅप (म्हणजे मेल सर्व्हरवर राहतं आणि सगळ्या मशीनवर दिसतं). दोन्ही कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम, विंडोज ११.

गेला दीड महिना मेलने नुसता उच्छाद मांडलाय. आधी एवढंच व्हायचं की रात्री घरी वाचलेली मेल सकाळी ऑफिसात ठळक, म्हणजे न वाचलेली दिसायची. मग डिलीट केलेली मेल यादीत परत यायला लागली. क्लिक केलं की आत पांढरंफटक, एक अक्षर नाही. फोनवरून पाठवलेलं उत्तर कॉम्प्युटरवर कुठेच सापडत नाही ते वेगळंच.

आज मात्र घाम फुटला. एका हार्डवेअर दुकानदाराचं मेल आहे, विषय "जून खरेदी बिले". त्यावर क्लिक केलं तर खाली एका डॉक्टरबाईंना आलेली इन्कम टॅक्सची नोटीस! वर नाव दुकानदाराचं, आत कागद डॉक्टरांचा. मी ते न बघता फॉरवर्ड केलं असतं तर? आमच्या धंद्यात एकाचा कागद दुसऱ्याच्या हातात गेला की संपलंच.

केलेले उपाय: फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. त्याने सगळं ठीक होतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा तेच. असं आठ-नऊ वेळा केलंय. डोमेनवाल्यांना फोन केला, ते म्हणाले "आमच्याकडून सगळं ओके आहे मॅडम."

परवा ११ तारीख, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायची शेवटची. कोणीतरी वाट दाखवा.

चहाबाज | मंगळवार, रात्री ११:०५

अनइन्स्टॉल करून नवीन टाका. माझं असंच व्हायचं, आता मस्त चाललंय.

वहीखाते | मंगळवार, रात्री ११:११

केलं हो. परत टाकल्यावर जुनी मेल, जुने फोल्डर, जुना घोळ, सगळं जसंच्या तसं समोर हजर.

खोडरबर | बुधवार, सकाळी ७:२०

अँटिव्हायरस मेल तपासतोय का बघा. तो इनबॉक्सची फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो आणि थंडरबर्ड बसतं शोधत. प्रोफाइलचं फोल्डर अपवादात घाला. आमच्या शाळेच्या ऑफिसात हेच निघालं होतं.

तारयंत्र | बुधवार, सकाळी ८:१५

ताई, अनइन्स्टॉलने फरक पडणार नव्हताच. प्रोग्राम एकीकडे असतो आणि तुमची मेल, खाती, सेटिंग दुसरीकडे, प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये. प्रोग्राम काढला तरी प्रोफाइलला हात लागत नाही. भाडेकरू बदलला, घरातलं सामान तेच राहिलं.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रिपेअर केल्यावर एक दिवस नीट चालतं. म्हणजे दुरुस्ती बरोबर होतेय आणि नंतर कोणीतरी परत बिघडवतंय. तो कोण, ते शोधायचं.

काही करण्याआधी तीन गोष्टी सांगा.

पहिली, ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून तेच दुकानदाराचं मेल बघा. तिथे आत काय आहे? आयमॅपमध्ये सर्व्हर म्हणजे मूळ वही आणि तुमचे कॉम्प्युटर म्हणजे तिच्या नकला. वेबमेलमध्ये बरोबर असेल तर निम्मी काळजी मिटली.

दुसरी, थंडरबर्डच्या हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा. त्यात प्रोफाइल फोल्डर अशी ओळ आहे, शेजारी ओपन फोल्डरचं बटण. ते दाबा आणि वर पत्ता काय दिसतो तो इथे लिहा. दोन्ही मशीनवरचा.

तिसरी, त्यात आयमॅपमेल नावाचं फोल्डर असेल. त्याच्या आत तुमच्या सर्व्हरच्या नावाचं फोल्डर. तिथे इनबॉक्स नावाच्या किती फाइली आहेत?

आणि कृपा करून तोवर काही डिलीट करू नका.

वहीखाते | बुधवार, दुपारी १:५०

जेवायच्या सुट्टीत बघितलं.

वेबमेलमध्ये सगळं बरोबर! दुकानदाराच्या मेलमध्ये दुकानदाराचीच बिलं. हुश्श.

पत्ता: डी ड्राइव्ह, मग आमचं क्लाउडचं फोल्डर (ज्यात सगळ्या पार्ट्यांच्या एक्सेल असतात ते), त्यात "मेल बॅकअप", त्यात प्रोफाइल. लॅपटॉपवरही तेच क्लाउडचं फोल्डर, तेच "मेल बॅकअप".

इनबॉक्सच्या फाइली मोजल्या, अकरा आहेत. एक नुसती "इनबॉक्स", २.८ जीबी. एक "इनबॉक्स डॉट एमएसएफ". बाकी नऊंच्या नावात कॉम्प्युटरचं नाव आणि "कॉन्फ्लिक्टेड कॉपी" असं काहीबाही आणि तारखा.

आता आठवलं. मे महिन्यात भाचा सुट्टीला आला होता. "मामी, तुझी मेल दोन्हीकडे सारखी दिसतील आणि आपोआप बॅकअपही होईल" म्हणून त्यानेच काहीतरी हलवाहलव केली होती. पोरगं इंजिनिअरिंगला आहे, मी कशाला शंका घेऊ?

चहाबाज | बुधवार, दुपारी २:०२

सापडला तुमचा कोण 😄

तारयंत्र | बुधवार, संध्याकाळी ६:३०

भाच्याला रागावू नका, चांगल्या मनाने केलंय. हीच करामत मी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका प्राध्यापकांच्या मशीनवर केली होती आणि निस्तरायला चार दिवस लागले होते. त्यामुळे नेमकं काय होतं ते सांगतो.

थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरातली सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलीत एकामागोमाग एक लिहितं. तुमची २.८ जीबीची ती. तिला एक्स्टेन्शन नसतं. शेजारची एमएसएफ ही तिची अनुक्रमणिका: कोणतं पत्र मोठ्या फाइलीत कितव्या बाइटपासून सुरू होतं, वाचलंय की नाही, वगैरे. यादीत तुम्हाला दिसतं ते नाव आणि विषय एमएसएफमधून येतं. क्लिक केल्यावरचा मजकूर मोठ्या फाइलीतून उचलला जातो.

आता संध्याकाळी तुम्ही ऑफिसचं मशीन चालू ठेवून घरी जाता (बरोबर ना?) आणि लॅपटॉप उघडता. दोन थंडरबर्ड एकाच प्रोफाइलच्या दोन प्रतींवर लिहायला लागतात. एका मशीनवर एकच प्रोफाइल दोनदा उघडू नये म्हणून त्यात एक कुलूप असतं, पण ते त्याच मशीनपुरतं. क्लाउडच्या पलीकडच्या लॅपटॉपला ते कुलूप दिसतच नाही. मध्ये क्लाउड दोन्हीकडच्या फाइली इकडून तिकडे नेतोय, आणि दोन्हीकडचं जुळलं नाही की वेगळी प्रत ठेवतोय, त्याच तुमच्या नऊ कॉन्फ्लिक्टेड कॉपी. अनुक्रमणिका एवढीशी, ती लगेच पोचते. २.८ जीबीचं धूड मागून रखडत येतं, किंवा थंडरबर्डने उघडून धरलेलं असतं म्हणून येतच नाही. झालं! आजची अनुक्रमणिका आणि कालची वही. त्यातून एखाद्या मशीनवर कॉम्पॅक्ट झालं की डिलीट केलेली पत्रं फाइलीतून खरोखर काढली जातात आणि मागची सगळी पत्रं पुढे सरकतात. अनुक्रमणिका म्हणते दुकानदार पान ४०, पान ४० वर बसलेत डॉक्टर.

गंमत म्हणजे हे सगळं करायची गरजच नव्हती. दोन्हीकडे सारखं दिसावं हे तर आयमॅपचं कामच आहे, १९८६ पासून. एका सिंकच्या डोक्यावर दुसरं सिंक बसवलं आणि दोघं भांडत बसले.

आता उपाय. पण आधी एक प्रश्न, आणि याचं उत्तर आल्याशिवाय काहीही करू नका: डावीकडे सगळ्यात खाली "लोकल फोल्डर्स" आहे. त्यात काही ठेवलंय का?

वहीखाते | बुधवार, रात्री ९:०५

ऑफिसचं मशीन चालूच असतं, हो. रात्री टॅलीचा बॅकअप चालतो.

लोकल फोल्डर्समध्ये २०१६ ते २०१९ ची सगळी मेल आहेत. सर्व्हरवर जागा पुरेना म्हणून तिथे ओढली होती. का? घाबरवू नका.

तारयंत्र | बुधवार, रात्री ९:४०

घाबरू नका, पण बरं झालं विचारलं. ती मेल सर्व्हरवर नाहीत. जगात ती फक्त त्या "मेल बॅकअप"मध्ये आहेत. बाकी सगळं पुसलं गेलं तरी सर्व्हरवरून परत येईल, ही येणार नाहीत.

म्हणून क्रम असा. दोन्हीकडे थंडरबर्ड बंद. क्लाउडचं सिंक दोन्हीकडे पॉज. मग अख्खं प्रोफाइल एका पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर जाणार नाही, तेवढं बघून घ्या.

मग विंडोज आणि आर दाबून रनच्या चौकटीत थंडरबर्डचं इंग्रजी नाव, एक स्पेस, वजा चिन्ह आणि कॅपिटल पी टाका. प्रोफाइल निवडायची खिडकी येईल. नवीन प्रोफाइल करा आणि जागा विचारली की ती देते तीच ठेवा, बदलू नका. त्यात खातं नव्याने घाला: आयमॅप, पोर्ट ९९३, एसएसएल. लॅपटॉपवर हेच, पण वेगळं, स्वतःचं प्रोफाइल.

जुन्या मेलसाठी: जुन्या प्रोफाइलमध्ये मेल, त्यात लोकल फोल्डर्स. तिथल्या बिनएक्स्टेन्शनच्या फाइली नव्या प्रोफाइलच्या त्याच जागी कॉपी करा, थंडरबर्ड बंद असताना. एमएसएफ अजिबात घेऊ नका, ती नव्याने बनते. वर्षांची फोल्डरं एकात एक असतील तर एसबीडी शेवट असलेली फोल्डरंही घ्यायची.

फोनवरून पाठवलेल्या मेलचा आजार मला वेगळा वाटतो. वेबमेलमध्ये डावीकडे सेंट नावाची फोल्डरं किती आहेत ते बघा.

आणि हे उद्या नाही. ११ तारीख उरकू दे. तोवर कामं वेबमेलमध्ये करा.

खोडरबर | गुरुवार, सकाळी ७:४५

अँटिव्हायरस नव्हता म्हणजे. असो, अपवादात घालून ठेवलं तर बिघडत नाही.

वहीखाते | रविवार, संध्याकाळी ५:१५

उशीर झाला, ११ तारीख आडवी आली. वेबमेलवरून केली सगळी कामं, जुन्या सायकलवरून चढ चढल्यासारखं वाटलं, पण झाली.

शनिवारी ऑफिस बंद करून बसले. तारयंत्र यांनी लिहिलं तसंच, कागदावर उतरवून एकेक टिक करत. पेनड्राइव्ह खरंच फॅट-३२ निघाला! २०१७ ची फाइल ५.१ जीबीची, ती जाईना. मग भाच्यालाच फोन केला, त्याने फॉरमॅट बदलून एनटीएफएस करायला सांगितलं. काय झालं होतं ते त्याला सांगितल्यावर दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "मामी, माझ्या लॅपटॉपवर पण तसंच आहे." आता तोही आज तेच करत बसलाय.

सर्व्हरवरची मेल उतरायला रात्रभर लागली. सकाळी आल्या आल्या पहिलं दुकानदाराचं मेल उघडलं. जून खरेदी बिले, चौदा पानं, सगळी त्यांचीच. मग डॉक्टरबाईंचं उघडलं. मग उगाचच आणखी वीसेक उघडून बघितली.

२०१६ ते २०१९ आलं. २०१८ च्या फोल्डरात आधी काहीच दिसेना, पोटात गोळा आला. तिथे एमएसएफ चुकून सोबत आली होती. बंद करून ती काढली, परत उघडलं, ३,४१२ मेल.

सेंटचं तुमचं बरोबर निघालं. वेबमेलमध्ये "सेंट" आणि "सेंट मेसेजेस" अशी दोन फोल्डरं. फोन दुसऱ्यात टाकत होता आणि ते थंडरबर्डमध्ये सबस्क्राइबच केलेलं (दाखवायच्या यादीत निवडलेलं) नव्हतं, म्हणून दिसत नव्हतं. फोनच्या सेटिंगमध्ये "सेंट" निवडलं, जुनी मेल ओढून एकत्र केली. माझीच पाठवलेली एकशे सात उत्तरं सापडली, त्यातली दोन मी पार्टीला "पाठवलंच नव्हतं वाटतं, सॉरी" म्हणून परत पाठवलेली.

एक राहिलंय. पत्त्यांचं पुस्तक नव्या प्रोफाइलमध्ये रिकामं आहे. जुन्यात चारशेच्या वर पत्ते होते. ते कुठल्या फाइलीत असतात?

तारयंत्र | रविवार, संध्याकाळी ६:०२

फाइलीच्या मागे लागू नका. वजा-पी करून जुनं प्रोफाइल एकदा उघडा, नेट बंद ठेवून. अ‍ॅड्रेस बुकमध्ये जाऊन एक्सपोर्ट, प्रकार व्हीकार्ड (पत्त्यांची फाइल). मग नव्यात इम्पोर्ट. फिल्टर लावले असतील तर तेही उघडून ठेवा, बघून नव्यात लिहून काढता येतील.

वहीखाते | रविवार, संध्याकाळी ६:३८

आले. ४३६.