मदत हवी आहे : भरून काढलेल्या खाणीच्या उतारावर लक्ष कसे ठेवावे?

सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाची जुनी उघडी खाण असून, ती बंद झाल्यावर खड्डा मातीने भरून, उताराला पायऱ्या काढून त्यावर झाडे लावण्यात आली. आता सर्वांत वरच्या पायरीवर काठाला समांतर भेग दिसू लागली आहे. पायथ्याशीच भातशेती आहे, त्यामुळे गावकऱ्यांची काळजी रास्त आहे.

जांभ्यातून पाणी सहज झिरपते, परंतु खालच्या चिकणमातीवर ते अडते, मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि घसरणीला विरोध करण्याची तिची ताकद घटते. म्हणून नुसती भेगेची रुंदी मोजून भागणार नाही, असे माझे ठाम मत आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर नोंदवणे आणि पर्जन्यमापक ठेवणे आम्हाला जमेल. मात्र पाण्याचा दाब मोजणारा पीझोमीटर उताराच्या कोणत्या भागात आणि कोणत्या थरापर्यंत बसवावा, हे जाणकारांनी सांगावे.

जमिनीचे सरकणे दुरून मोजण्यासाठी सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमा विनामूल्य मिळतात, पण सुमारे ५.६ सेंटिमीटर तरंगलांबीच्या त्या लहरींना दाट झाडीखालची जमीन नीट दिसत नाही. अशा ठिकाणी धातूचे परावर्तक उभारून कोणी मोजमाप केले आहे का? तसेच सरकण्याचा वेग दिवसागणिक वाढू लागल्यास शेतातील माणसांना कोणत्या टप्प्यावर हलवावे, आणि तोपर्यंत भेग चिकणमातीने बुजवून पावसाचे पाणी चराने बाजूला काढणे योग्य ठरेल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.