‘टोटेम’साठी ‘देवक’ चालेल का?

प्रश्न

नागपुरात मानववंशशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी काही इंग्रजी टिपणे मराठीत आणत आहे. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे, ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी आणि आपल्याकडील गोंड यांच्या कुळांची त्यांत तुलना असून ‘टोटेम’ (कुळाचे ज्याच्याशी नाते मानतात तो प्राणी, वनस्पती किंवा वस्तू) हा शब्द पानोपानी येतो. त्यासाठी कुणी ‘कुलचिन्ह’ लिहितो, कुणी ‘गणचिन्ह’, कुणी ‘देवक’. मला ‘देवक’ बरा वाटतो, कारण तो घरातला शब्द आहे. तोच सगळीकडे वापरला तर बिघडेल का?

उत्तर

बिघडेल, आणि तो घरातला आहे म्हणूनच बिघडेल. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात आत्याच्या लग्नाआधी देवक बसले, तेव्हा सुपात तांदूळ, सुपाऱ्या आणि आंब्याची पाने मांडलेली मी पाहिली आहेत. ‘आता देवक उठेपर्यंत सुतक लागायचं नाही,’ असे आजी सांगे. आमच्या घरात देवक म्हणजे लग्नापुरती केलेली देवतांची स्थापना. त्यात कुळाची खूण अशी कोणतीही नव्हती. मराठा आणि इतर अनेक जातींत मात्र देवक हे कुळाचे असते, उदाहरणार्थ मोऱ्यांचे मोराचे पीस, आणि ज्यांचे देवक एक त्यांच्यात सोयरीक जुळत नाही. म्हणजे आपल्या या एका शब्दातच एक विधी आणि एक कुळव्यवस्था अशा दोन गोष्टी नांदतात, आणि ‘टोटेम’शी तुलना होऊ शकते ती फक्त दुसरीची.

गोंडांकडे वळलो की हा शब्द आणखी अपुरा पडतो. टेकाम हे आडनाव गोंडीतील सागवानाच्या नावावरून आले आहे आणि मरकाम आंब्याच्या. तेवढ्यावरून ‘साग हे टेकामांचे देवक’ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु सोयरीक ठरवताना गोंड माणूस झाडाआधी देवांची संख्या, म्हणजे कुळ किती देवांना पूजते ते, विचारतो. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे त्यांचे गट आहेत आणि एकाच संख्येची कुळे एकमेकांची भावकी मानली जातात. वाक्यात ‘देवक’ आले की वाचकाच्या डोळ्यांपुढे लग्नाचा मांडव उभा राहतो आणि ही सगळी रचना त्याच्याआड जाते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील आपल्या चार खंडांत (1916) मराठी कुळांची देवके आणि गोंडांची कुळे या दोहोंना ‘टोटेम’च्याच भाषेत बसवले. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी होती, त्यामुळे ही सरमिसळ आपल्याला परकी वाटत नाही.

मुळात ‘टोटेम’ या शब्दाचा प्रवासही गैरसमजातूनच सुरू झाला. ओजिब्वे भाषेत तो कुळाच्या नात्याशी निगडित आहे. पण 1791 मध्ये जॉन लाँग या व्यापाऱ्याने तो इंग्रजीत नेला, तेव्हा त्याने त्याची सांगड एकेका माणसाच्या रक्षक आत्म्याशी घातली. पुढे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझर यांनी 1910 मध्ये जगभरची उदाहरणे चार खंडांत एकत्र केली, आणि 1962 मध्ये फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांनी दाखवून दिले की या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी गोळा केल्या गेल्या आहेत. ज्या शब्दाने तिकडे इतका घोळ घातला, त्याच्या जागी आपला दुहेरी अर्थाचा शब्द बसवणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे

पटले. मग ‘कुलचिन्ह’ घ्यावे का?

उत्तर

‘चिन्ह’ म्हटले की बाहेरून लावलेली खूण एवढाच बोध होतो. ऑस्ट्रेलियात अनेक ठिकाणी तो प्राणी किंवा ती वनस्पती रक्ताच्या नात्यातली, पूर्वजांपैकी मानतात. तेथे ‘चिन्ह’ तोकडे पडते. म्हणून सिद्धान्ताची चर्चा असेल तेथे ‘टोटेम’ तसाच ठेवावा, मराठी कुळांविषयी लिहिताना ‘देवक’ वापरावा आणि गोंडांविषयी लिहिताना देवांच्या संख्येचा उल्लेख सुटू देऊ नये. ‘साग हे टेकामांचे देवक’ याऐवजी मी असे लिहीन: ‘टेकाम कुळाचे नाव सागावरून आले आहे, त्यांची सोयरीक मात्र कुळ किती देवांचे आहे, हे पाहून ठरते.’