बससाठी स्वतंत्र मार्गिका आधी, की थांबे आधी?

मूळ मत

शहर बससेवा सुधारायची म्हणजे नव्या गाड्या विकत घ्यायच्या, ही समजूत आपल्याकडे पक्की बसलेली आहे. माझ्या मते गाड्यांच्या आधी त्यांना रस्ता द्यायला हवा. एखाद्या मार्गावर जाऊन-येऊन १२० मिनिटे लागत असतील आणि तेथे १२ गाड्या धावत असतील, तर प्रवाशाला दर दहा मिनिटांनी बस मिळते. स्वतंत्र मार्गिकेमुळे तीच फेरी ९० मिनिटांत पूर्ण होऊ लागली, तर तेवढ्याच गाड्या आणि तेवढेच चालक दर साडेसात मिनिटांनी बस देऊ शकतात. ताफ्यात एकाही गाडीची भर न घालता सेवा एक तृतीयांशाने वाढते. शिवाय कोंडीत अडकलेली बस फक्त उशिराच येते असे नाही. तिला उशीर झाला की पुढच्या थांब्यावर गर्दी जास्त साठते, चढउतारास अधिक वेळ लागतो, ती आणखी मागे पडते आणि पाठची अर्धी रिकामी बस तिला येऊन गाठते. खूप वेळ ताटकळल्यावर एकाच क्रमांकाच्या दोन बस एकामागोमाग येतात, त्यामागे चालकांचा बेशिस्तपणा क्वचितच असतो. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्येच बसला वेगळी मार्गिका दिली आणि कोलंबियातील बोगोता शहराने २००० मध्ये तीच वाट मोठ्या प्रमाणावर चोखाळली.

प्रतिसाद १ : विरोधात

फेरीचे गणित मान्य आहे, मात्र ते भरपूर बस असलेल्या रस्त्यालाच लागू पडते. ज्या रस्त्यावरून तासाला सहा बस जातात, तेथे प्रत्येकी साठ प्रवासी धरले तरी ती मार्गिका ३६० माणसे वाहून नेईल. सिग्नल असलेल्या रस्त्याची तीच पट्टी मोटारींसाठी ठेवली आणि तासाला ७०० मोटारी, प्रत्येकीत सरासरी दीड माणूस, असे धरले, तरी हजाराहून अधिक लोक त्यावरून जातात. दिल्लीत अंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या पट्ट्यावर २००८ मध्ये मार्गिका सुरू झाली आणि २०१६ मध्ये ती उखडावी लागली. बससाठी मार्गिका आखल्याने रस्ता काही रुंद होत नाही. कोणाच्या तरी वाट्याचा तो कमी होतो, आणि ज्याचा कमी होतो त्याला आपण दुसरा पर्याय दिलेला नसतो.

प्रतिसाद २ : मूळ मत मांडणाऱ्याकडून

दिल्लीचा तो पट्टा इतका आखूड होता की लांबच्या प्रवाशाचा त्यात फारसा वेळ वाचणे शक्य नव्हते; एवढ्यावरून मार्गिकेची कल्पनाच फसली असे म्हणणे घाईचे ठरेल. तासाला तीस बस असल्या तर आपल्याच हिशेबाने १,८०० माणसे जातात, पण दोन बसमध्ये दोन मिनिटांचे अंतर असल्यामुळे शेजारी अडकलेल्या मोटारचालकाला ती मार्गिका बहुतेक वेळ ओस पडलेली दिसते. खरा विरोध या दिसण्यातून जन्मतो. सहा बसच्या रस्त्याबद्दलचा आपला आक्षेप मात्र मी स्वीकारतो. तेथे सलग मार्गिका नको. चौकाआधीचा थोडा पट्टा बससाठी राखून तिला सिग्नलवर रांगेच्या पुढे काढले, तरी पुष्कळ साधते.

प्रतिसाद ३ : दोघांशीही असहमत

आपण दोघेही बसमध्ये चढता येते असे गृहीत धरून बोलत आहात. लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून सुमारे ४०० मिलिमीटर उंच असतो. पदपथ १५० मिलिमीटर उंच असेल आणि बस त्याला लागून उभी राहिली, तर उरतो २५० मिलिमीटरचा फरक. एक मीटर लांबीचा रॅम्प टाकल्यास साधारण एकास चार असा चढ येतो. इमारतींसाठी एकास बाराचा चढ सुचवला जातो हे लक्षात घेतले, तर हाही अवघडच आहे, तरी मदतनीस असेल तर निभावते. प्रत्यक्षात थांब्यासमोर रिक्षा आणि मोटारी ठाण मांडून असतात, बस रस्त्याच्या मधोमध थांबते, प्रवासी पदपथावरून खाली उतरून तिच्याकडे धावतात आणि रॅम्प थेट डांबरावर टेकवावा लागतो. तेव्हा तो चढ जवळजवळ एकास अडीच होतो. व्हीलचेअर ढकलणाऱ्याने सगळा जोर लावला तरी पुढची चाके वर टेकत नाहीत, वाहक मागून आधार देतो आणि आतील प्रवासी घड्याळाकडे पाहू लागतात. काठी घेऊन चालणाऱ्या वृद्धांची, कडेवर मूल असलेल्या आईची आणि गुडघेदुखीने बेजार माणसाची अडचण याच जातीची आहे. त्यांची संख्या व्हीलचेअर वापरणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. तेव्हा थांबा मोकळा ठेवणे आणि पदपथ बसच्या दारापर्यंत पुढे आणणे हे काम मार्गिकेच्या आधीचे आहे. त्यात वेळही वाचतो, कारण पायऱ्या चढण्याउतरण्यात प्रत्येक थांब्यावर जाणारे सेकंद फेरीच्या वेळेतच मोजले जातात.

प्रतिसाद ४ : मार्गिकेच्या बाजूने

थांबा मोकळा ठेवा म्हणणे सोपे आहे. कडेच्या पट्टीवर दुकानांची, मालवाहू गाड्यांची आणि रिक्षांची नजर कायम असते. एकदा कारवाई करून ती आठवडाभरही मोकळी राहत नाही. याउलट कुरितिबाने १९९१ मध्ये नळीच्या आकाराची स्थानके उभारली, जेथे फलाट आणि बसचा तळ एका उंचीवर येतात आणि तिकीटही आत शिरतानाच घेतले जाते. अहमदाबादच्या जनमार्गावर, म्हणजे तेथील स्वतंत्र मार्गिकेच्या बससेवेत, २००९ पासून रस्त्याच्या मधोमध स्थानके आहेत.

प्रतिसाद ५ : तिसऱ्या प्रतिसादाच्या लेखकाकडून

मधोमध स्थानक म्हणजे प्रत्येक प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडणे आले, आणि समपातळीवरचा फलाट तेथे पोहोचू न शकणाऱ्याच्या काय कामाचा? स्थानकापर्यंत नेणारा सिग्नलयुक्त, पदपथाच्याच उंचीचा ओलांडमार्ग त्याच निविदेत नसेल, तर अशा आराखड्याला मी पाठिंबा देणार नाही. शिवाय उंच फलाटासाठी बनवलेली बस त्या मार्गाबाहेर साध्या थांब्यावर निरुपयोगी ठरते, आणि आपले बहुसंख्य थांबे साधेच राहणार आहेत.