रत्नागिरीचा समुद्र आणि टिळकांचे बालपणीचे घर : वाचकांचे अनुभव

लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ते याच गावात वाढले. टिळक आळीतील ते कौलारू घर आज राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली आहे. आंबा, मासळी आणि समुद्र यांच्या ओढीने रत्नागिरीला जाणारे पुष्कळ असतात. त्यांपैकी जे या घरातही थांबले, त्यांनी तेथे काय पाहिले आणि सोबतच्या मुलांना काय सांगितले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती केली होती. आलेल्या लेखनातील काही अनुभव येथे एकत्र देत आहोत.

सातारा जिल्ह्यातील एक शिक्षिका :

आमच्या शाळेची सहल घाट उतरून रत्नागिरीला गेली, तेव्हा मुलांचे सगळे लक्ष समुद्राकडे होते, आणि ते स्वाभाविकच होते. तरीही मी आग्रहाने आधी टिळक आळीत नेले. घरातली छायाचित्रे भराभर पाहून मुले बाहेर पडू लागली, तेव्हा त्यांना अंगणात बसवून मी टिळकांविषयी नव्हे, तर त्यांच्या वडिलांविषयी बोलले. गंगाधरपंत शिक्षक होते, संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांची गती होती, आणि मुलाचे पहिले शिक्षण त्यांनी घरीच केले. पाठ केलेल्या प्रत्येक श्लोकामागे ते बाळला एक पै देत, अशी आठवण सांगितली जाते. पुढे १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि कुटुंब कोकणातून उठले. त्याच वर्षी मुलाची आई, पार्वतीबाई, वारली. सिंहगर्जनेच्या गोष्टी मुलांना पाठच असतात. पण वडिलांची बदली, नवे गाव आणि आईचे जाणे हे सारे एका दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला एकाच वर्षात आले, हे ऐकल्यावर माझ्या वर्गातली मुले, ज्यांतल्या काहींचे वडील स्वतः बदलीच्या नोकरीत आहेत, पुन्हा आत गेली आणि या वेळी त्यांनी खोल्या नीट पाहिल्या. माझ्या मते हे घर लहान मुलांना दाखवायचे ते याचसाठी. येथे राहिलेला बाळ त्यांच्याच वयाचा होता.

मूळचे रत्नागिरीचे, आता पुण्यात राहणारे एक वाचक :

पाहुणे रत्नागिरीतील मांडवी किनाऱ्याची वाळू काळी पाहून ती अस्वच्छ आहे असे समजतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. सह्याद्रीच्या काळ्या खडकाची झीज होऊन आलेली इल्मेनाइटसारखी जड खनिजे आमच्या किनाऱ्यावर साठतात, म्हणून ही पुळण काळसर दिसते. याच गावात दुसऱ्या बाजूला ‘पांढरा समुद्र’ नावाचा किनारा आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी पाहावेत. आमच्या आजीच्या पिढीला मुंबईहून येणारी बोट म्हणजेच गावचा रस्ता होता. बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. घाट चढून पुण्याला जाणे त्याहून कष्टाचे असे. टिळकांचे कुटुंब पुण्याला गेले तेव्हा कोकणात रेल्वे यायला सव्वाशेहून अधिक वर्षे होती, हे लक्षात ठेवून मांडवीच्या धक्क्यावर उभे राहावे.

नागपूरहून एक निवृत्त ग्रंथपाल :

टिळकांचे घर पाहून आम्ही थिबा राजवाड्यावर गेलो आणि तेथे दोन्ही गोष्टींचा सांधा जुळला. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी मंडालेहून पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. येथेच १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली आणि १९१४ पर्यंत ते मंडालेच्या तुरुंगात होते, जेथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. म्हणजे ती सहा वर्षे मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान होता आणि रत्नागिरीत जन्मलेला लोकनायक मंडालेत. सरकारला माणूस आपल्या माणसांपासून तोडायचा होता, आणि त्यासाठी दोघांनाही समुद्रापार नेले गेले. ही जोड मला कोणत्याही फलकावर वाचायला मिळाली नाही. ती तेथे ठळकपणे मांडली जावी, असे मला मनापासून वाटते.

दापोली तालुक्यातील एक वाचक :

टिळकांचे मूळ गाव चिखलगाव आमच्याच तालुक्यात आहे. रत्नागिरीचे घर पाहणाऱ्यांनी सवड काढून तिकडेही यावे, एवढेच सुचवतो.

ठाण्याहून एक गृहिणी :

माझ्या वृद्ध सासूबाईंना घेऊन आम्ही दुपार उलटल्यावर भाट्ये येथे गेलो. सुरूच्या झाडांची सावली आणि लांबवर पसरलेली सपाट वाळू यांमुळे वयस्कर माणसांना येथे बरे वाटते. मात्र काजळी नदीची खाडी येथेच समुद्राला मिळते आणि ओहोटीच्या वेळी मुखाजवळ पाण्याला ओढ असते, म्हणून मुलांना त्या बाजूला पोहू देऊ नये. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये. टिळकांचे घर सकाळी, गर्दी नसताना पाहावे आणि किनारा संध्याकाळसाठी ठेवावा, हा क्रम आम्हाला सोयीचा वाटला. घर उघडे असण्याची वेळ आणि सुट्टीचा वार मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.