ब्युप्रेनॉर्फिनचा डोस ठरवायला जीन टेस्ट करावी का? सल्ला हवाय

परळची_ताई: धाकटा भाऊ गर्द सोडतोय, ओएसटी सेंटरवर (तिथे नशेच्या जागी डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध देतात) रोज ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतो. मस्त सेटल झाला होता, आता परत संध्याकाळ झाली की जांभया, डोळ्यातून पाणी, अंगावर काटा, म्हणजे टर्कीच, नशा न मिळाल्यावर होतो तो त्रास. त्याच्या सोबतचा एकजण तेवढ्याच डोसवर दिवसभर कामाला जातो. एक लॅबवाला म्हणतो जीन टेस्ट केली की नेमका डोस कळतो, पैसे मात्र भरमसाट. चांगली लॅब सुचवा ना कोणीतरी.

बोरिवली_स्लो: थांबा, पैसे भरू नका एवढ्यात. फार्माकॉलॉजी शिकवतो म्हणून सांगतो, लॅबवाला अर्धंच खरं बोलतोय. मेथाडोन म्हणजे गर्द सोडवायला देतात ते दुसरं औषध, त्यात जीनचा फरक खरंच दिसतो, ते मोडायचं मुख्य काम लिव्हरमधलं सीवायपी२बी६ एन्झाइम करतं आणि ज्यांना त्याचा *६ प्रकार आईबाप दोघांकडून आलाय त्यांच्यात औषध हळू उतरतं, रक्तात साचतं. तरी डॉक्टर मेथाडोन कमीवर सुरू करून पेशंटकडे बघतच वाढवतात. ब्युप्रेनॉर्फिनचं एन्झाइम वेगळं, सीवायपी३ए४, आणि तिथे जीनपेक्षा सोबतची औषधं जास्त घोळ घालतात. मुळात आधी सेटल होता ना तो? मग जीन काय मध्येच बदलले? नवीन काही सुरू झालंय का ते बघा.

दादर_टीटी: +१. सीवायपी२डी६ हे आणखी एक एन्झाइम, त्याचा रिपोर्ट कोडीन, ट्रॅमाडॉल असल्या वेदनाशामकांना कामाचा, हे लॅबवाले सगळं एकाच पॅकेजात कोंबतात. आणि गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू देतो ना? गिळली तर बरीचशी लिव्हरमध्येच संपते.

परळची_ताई: जिभेखालीच घेतो, नर्स तोंड उघडून बघते. पण हो, टीबीच्या गोळ्या चालू झाल्यात हल्लीच! लघवी लाल होते तर घाबरला होता.

बोरिवली_स्लो: मिळालं बहुतेक. लाल लघवी म्हणजे टीबीच्या गोळ्यांमधलं रिफॅम्पिसिन, ते सीवायपी३ए४ चं काम एवढं वाढवतं की ब्युप्रेनॉर्फिन लवकर संपतं. दोन्हीकडची पाकिटं घेऊन उद्याच सेंटरच्या डॉक्टरांना दाखवा, डोस वाढवायचा की टीबीचं औषध बदलायचं ते ठरवतील. टीबीच्या गोळ्या त्याला स्वतःहून बंद करू देऊ नका हां. आणि डोस वाढवलाच तर टीबीचा कोर्स संपताना परत जाऊन सांगा, रिफॅम्पिसिन थांबलं की तोच डोस जास्त पडायला लागतो.